ओगिसो बाहेर बसले आहेत

“आजोबा, शिक्का उलटा पडलाय तुमचा.”

पोस्टाच्या खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली. विशीतली असेल. केस कानापर्यंत कापलेले, हल्ली तोक्योत सगळ्याच पोरी कापतात तसे. रजिस्टर पाकीट आल्याची चिठ्ठी घरी पडली होती, ते घ्यायला मी आलो होतो. मागे लोक खोळंबले होते, चष्मा कोटाच्या आतल्या खिशात होता, थंडीने बोटं बधिर झाली होती. अंदाजाने शिक्का उमटवला, आणि शिराहामा हे माझं आडनाव पावतीवर लाल शाईत खाली डोकं वर पाय करून उभं राहिलं. मी शाईची डबी पुन्हा जवळ ओढली. म्हटलं, “थांब, दुसरा मारून देतो.” ती म्हणाली, “राहू द्या हो आजोबा. उलटा काय नि सुलटा काय, शिक्का मारलात ना? झालं तर मग.” तिने पावती गठ्ठ्यावर टाकली, पाकीट माझ्या हातात दिलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत पुढच्याला बोलावलं. मागचा तांदूळवाला गुरगुरला, “सरकता का जरा?” एके काळी वीस हजार माणसं माझ्या एका हाकेवर सरकत होती. मी सरकलो.

हे उलट्या शिक्क्याचं प्रकरण कचेरीत जन्म न घालवलेल्या माणसाला सांगून पटायचं नाही. आमच्याकडे कागद खालून वर चढतो. कारकून शिक्का मारतो, मग त्याचा साहेब, मग त्याच्याही वरचा साहेब. असं करत करत कागद सगळ्यात वरच्या माणसाच्या टेबलावर पोचतो तेव्हा त्याच्यावर लाल टिकल्यांची रांग लागलेली असते. एवढ्या सगळ्यांनी हो म्हटल्यावर वरच्याने नाही म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या मुस्कटात मारणं. तसं कुणी करत नाही. पण ज्याला मनातून मान्य नसतं तो काय करतो, तर शिक्का उलटा मारतो. शिक्क्याच्या अंगावर वरची बाजू कळावी म्हणून एक खाच असते, ती बोटाला लागते, त्यामुळे धडधाकट माणसाच्या हातून तो चुकून उलटा पडत नाही. कागद खाली गेला की खालचे तो बघतात, एकमेकांकडे बघायचं टाळतात, आणि काय ते समजतात. मग काम रेंगाळतं. फाईल सापडत नाही, टपालाची बोट चुकते, कुणाला तरी ताप येतो. तोंडातून शब्द न काढता गोष्ट टळते आणि कुणाचा पाणउतारा होत नाही. तायवानवर गव्हर्नर असताना मी असा शिक्का एकदाच मारला. एकेचाळीस माणसांच्या फाशीच्या कागदावर.

ओगिसोने तो कागद त्याच दिवशी पुढे धाडला आणि तिसऱ्या दिवशी एकेचाळीसच्या एकेचाळीस लटकले. ओगिसो र्‍योहेई माझा चिटणीस होता. किसोच्या डोंगरातला, काटकुळा, बाहीला शाई लागू नये म्हणून काळी खोळ चढवून बसणारा माणूस. अक्षर मोत्यासारखं. दारावर टकटक करणं त्याला उद्धटपणाचं वाटायचं, म्हणून तो दाराबाहेर उभा राहून हलकेच दोनदा खोकायचा. वीस वर्षं मी मनाशी एकच घोकत आलो: मी माझ्याकडून नाही म्हटलं होतं, त्या ठोंब्याला कळलं नाही. कागदावर कागद चढवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला एवढी साधी खूण वाचता येऊ नये! मला त्याची कीवही यायची. कीव करणं फार सोयीचं असतं, त्यात आपण आपोआप एक पायरी वर बसतो. आणि आता ही केस कापलेली पोर सांगत होती की उलटा काय नि सुलटा काय. तिने कुठलंही गुपित फोडलं नव्हतं. कागदावर जे दिसतं ते तिने सांगितलं होतं. फासावर गेलेल्यांनाही तेवढंच दिसलं असणार.

पाकीट न उघडताच मी खंदकाच्या कडेने चालू लागलो. गिंकोच्या झाडांची पानं पडून रस्ता पिवळाधमक झाला होता, दोन बायका खराट्याने ती एका बाजूला लोटत होत्या आणि सुनांबद्दल बोलत होत्या. माझी चाल अजून लष्करी आहे असं हिसानो, माझी बायको, म्हणते. चेष्टेने म्हणते. माझ्याजवळ लष्करी म्हणावं असं खरं एकच होतं, माझा आवाज. तोसा प्रांतातल्या दरिद्री सामुराईच्या घरात जन्मलो, ना पैसा ना ओळख, पण कवायतीच्या मैदानावर या टोकाला बोललो तर त्या टोकाला ऐकू जायचं. त्या आवाजावर मी चढत गेलो. मांचुरियात रशियाशी लढताना एका टेकडीखाली मी तो शेवटचा वापरला. दुपारी तीन वाजता स्वतःच्या तोंडाने तीन पलटणींना वर जा म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत टेकडी आपली झाली होती आणि उतारावर माणसं ओरडत पडली होती. दाढीमिशांचे बाप्ये आईला हाका मारत होते. त्यांतल्या काहींना मी नावाने ओळखत होतो, आवाजावरूनही ओळखू आले. आपण हे केलं नाही असं म्हणायची तिथे सोयच नव्हती. माझा शब्द त्या टेकडीवर माझ्यासमोर आडवा पडला होता. त्यानंतर वर्षभर मला भात पचत नव्हता. पदक मिळालं, ते लावून मी डॉक्टरकडे जायचो.

म्हणून पुढे तायवानचं गव्हर्नरपद चालून आलं तेव्हा मी हरखलो. आयुष्यभर सेनापतीगिरी केलेल्याला कचेरीत कोंडून घेतात म्हणून मित्रांनी चिडवलं. मला मात्र उंच छताची खोली, पंखा, कापराचा वास आणि कागद याखेरीज काही नकोच होतं. माझ्याआधीचा गव्हर्नर चार्ज देताना पंख्याखाली पाय पसरून म्हणाला होता, “शिराहामासान, एक सांगतो, इथे ओरडू नका. बोललेला शब्द गळ्यात पडतो. तुम्ही नुसतं हं म्हणा, किंवा तेही म्हणू नका. खालचे लोक फार हुशार आहेत, बरोबर ओळखतात.” मी म्हटलं, “आणि चुकीचं ओळखलं तर?” तो हसला. “तर ते त्यांचं चुकलं. तुम्ही कुठे काय बोललात?” मला ते फारच मानवलं. पहिल्या सहा महिन्यांत मी गप्प राहण्यात एवढा तरबेज झालो की माझ्या भुवईवरून रस्ते आखले जाऊ लागले. एकदा मी नकाशावरची माशी हाकलली, तर दुसऱ्या दिवशी एका गावाचा कालवा रद्द झाला होता. या गोष्टीवर आम्ही घरी खूप हसलो होतो. हिसानोही हसली होती, पण नंतर तिने विचारलं, “आणि त्या गावाचं काय झालं?” मी चौकशी केली नाही. चौकशी करणं म्हणजे बोलणं.

ते एकेचाळीस जण उसाच्या मुलखातले. पोलीस चौकी जळली, सात पोलीस मेले, मग आसपासच्या चार वस्त्यांमधून सापडतील ते पुरुष धरून आणले. निम्मे तर एका लग्नाच्या पंगतीतून उचलले होते, हे मला कोर्टातल्या दुभाष्यानेच सांगितलं. पंधरा दिवसांत खटला उरकला. तोक्योहून मंत्री येणार होते, त्याआधी हे मिटलेलं बरं असं सगळ्यांना वाटत होतं. वाटत होतं म्हणजे कुणी बोललं नव्हतं. शिक्षा सौम्य करायचा अधिकार कायद्याने फक्त मला होता. कागद सकाळी दहाला आला. वर अकरा शिक्के, सगळे सरळ, शेवटची चौकट माझी. खाली बारीक अक्षरात नावांची यादी होती, ओगिसोच्याच हातची. चष्मा शेजारच्या खोलीत राहिला होता आणि मी तो मागवला नाही. बोटाने खाच चाचपली, शिक्का फिरवला, दाबला. ओगिसो समोर मान खाली घालून उभा होता. त्याने कागद घेतला, वाकला आणि गेला. मला एकदम हलकं वाटलं होतं. दुपारी मी पपई खाल्ली, अख्खी. ती संध्याकाळ मी कुणाला सांगायची वेळ आली तेव्हा एकाच वाक्यात सांगितली: जेवलो आणि लवकर झोपलो.

पुढे तोक्योत संसदेत कुणीतरी विचारलं की दयेचे अर्ज वाटेत असताना एवढी घाई का झाली. वर्तमानपत्रांनी ते उचललं. माझ्याकडे कुणी बोट दाखवायच्या आत ओगिसोचा राजीनामा आला: घाई माझ्या हातून झाली, गव्हर्नरसाहेबांचा यात काही संबंध नाही. मी तो वाचला, हं केलं, आणि सगळ्यांनी बरोबर ओळखलं. तो बायकोमुलीला घेऊन किसोला गेला आणि तिथे त्याने कागद आणि कुंचले विकायचं दुकान टाकलं. मला आणखी एक पदक मिळालं. दर नवीन वर्षाला त्याचं शुभेच्छापत्र यायचं, हाताने लिहिलेलं, साहेबांची तब्येत कशी आहे, बाईसाहेबांचा गुडघा कसा आहे. मी त्याला छापील पाठवायचो. दोन वर्षांपूर्वी त्याचं पत्र आलं नाही. हिसानो म्हणाली, “ओगिसोंचं पत्र नाही आलं यंदा.” मी म्हटलं, “टपाल उशिरा असेल.” तिसऱ्या महिन्यातही मी तेच म्हणत होतो.

खंदकाच्या बाकावर बसून मी शेवटी चष्मा लावला आणि पाकीट फोडलं. अक्षर पाहून दचकलो, तेच मोत्यासारखं, पण बायकी. ओगिसो सुमिए, प्राथमिक शाळेत शिक्षिका, किसो. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी शेवटच्या आजारात एक गोष्ट सांगितली होती, ती आपल्याला विचारायची आहे. शिक्षकांच्या परिषदेसाठी तोक्योला येत आहे, अठरा तारखेला दुपारी दोन वाजता येऊन जाईन, आपण घरी नसाल तर निमूट परत जाईन. अठरा तारीख आज होती. चिठ्ठी पडल्यावर चार दिवस मी पोस्टात जायचा कंटाळा केला होता. बाजूच्या बाकावर एक म्हातारा कबुतरांना दाणे टाकत बसला होता. वाटलं, आपणही इथेच बसावं, चारपर्यंत. ती येईल, घरी नाहीत असं कळेल, वाकेल आणि परत जाईल. तसं ती स्वतःच लिहून मोकळी झाली होती. बापासारखीच होती, समोरच्याला पळायला वाट ठेवणारी. मला त्या वाटेची इतकी सवय झाली होती की मी खरंच अर्धा तास तिथे बसलो, आणि मग थंडीने कुडकुडायला लागलो म्हणून उठलो. धैर्य वगैरे काही नव्हतं.

घरी हिसानो ओसरीत पर्सिमनची फळं सोलून वाळवायला दोरीला बांधत होती. “एवढा वेळ? पोस्टात काय लढाई होती?” मी म्हटलं, “पाहुणी यायचीय. ओगिसोची मुलगी.” तिची सुरी थांबली. सत्तरीची बाई, पण हात कधी थांबत नाही तिचा. “आणि ओगिसो?” मी मान हलवली. तिने हातातलं फळ परडीत ठेवलं, हात पुसले, परत पुसले. “कधी?” “दोन वर्षं झाली.” ती म्हणाली, “मला वाटलंच होतं. मी तुम्हाला म्हटलं होतं, कुणाला तरी लिहून विचारू या.” मी कोट काढू लागलो. “चहाची पानं चांगली काढते,” ती म्हणाली आणि आत गेली. जाता जाता वळून म्हणाली, “अहो, तुमचे हात किती गार पडलेत. शेगडीपाशी बसा.” मी हात तिच्या हाताला लावले नव्हते, नुसते बघून तिला कळलं. या बाईला सगळं नुसतं बघून कळतं, आणि ती बोलत नाही. चाळीस वर्षं मी याला माझं भाग्य समजत आलो.

सुमिए बरोबर दोनला आली. तिशीची, चष्मा लावलेली, प्रवासाने चुरगळलेला राखी किमोनो, हातात फडक्यात बांधलेली बरणी. दारात ती खोकली नाही, चक्क हाक मारली, “कुणी आहे का घरात?” शाळेतल्या पोरांना हाका मारून कमावलेला खणखणीत आवाज. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. हिसानोने तिला आत आणलं. “अगंबाई, केवढी झालीस! बेटावर होतीस तेव्हा आमच्या बागेतले पेरू चोरायचीस, आठवतं?” सुमिए हसली. “कच्चेच खायची मी. बाईसाहेब, हे आमच्याकडचं शलगमाच्या पाल्याचं लोणचं. बाबा म्हणायचे तुम्हाला आवडतं.” “अगदी आठवणीने आणलंस गं.” मग दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, किसोच्या बर्फाबद्दल बोलल्या. मी चहा पीत होतो. तो संपला तरी वाटी तोंडाला लावत होतो.

मग सुमिएने वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली. “साहेब, मी स्पष्ट विचारलं तर रागावू नका. मला आडून बोलता येत नाही, पोरांबरोबर राहून सवय गेली.” मी म्हटलं, “विचार.” “फाशीच्या त्या कागदावर तुमचा शिक्का उलटा होता?” हिसानोने शेगडीतले निखारे सारखे करायला घेतले. “होता,” मी म्हणालो. आणि वीस वर्षं तयार असलेलं वाक्य आपोआप पुढे आलं: “पण तुझ्या वडिलांना ते कळलं नाही.”

“कळलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही शिक्का फिरवलात तेव्हाच कळलं होतं, असं बाबा म्हणाले. पण मुख्य न्यायाधीशांचा माणूस कागदासाठी कचेरीच्या दारात येऊन बसला होता, आठच्या आत मागत होता. नुसतं रेंगाळवून भागणार नव्हतं, तुमच्या तोंडचा एक शब्द हवा होता. म्हणून ते सहा वाजता कागद घेऊन तुमच्या बंगल्यावर आले. व्हरांड्यात बसले. बाईसाहेबांनी त्यांना चहा दिला. दोन तास बसले आणि मग उठून गेले.” तिने चष्मा काढून बाहीच्या टोकाने पुसला. “साहेब, बाबा शेवटचा महिनाभर एकच बोलत होते. म्हणायचे, साहेबांपर्यंत निरोप पोचलाच नसणार. साहेब झोपले असणार. मी दोनदा खोकलो आणि गप्प बसलो. दार ठोठावलं असतं, एक हाक मारली असती, तर साहेब उठून आले असते आणि ती माणसं वाचली असती. म्हणायचे, साहेबांनी त्यांचं काम केलं होतं. मीच भित्रा निघालो. आमच्या देव्हाऱ्यात आजोबांच्या नावाच्या पाटीशेजारी त्यांनी त्या एकेचाळीस जणांची नावं लिहून ठेवलीत. रोज सकाळी भात ठेवायचे त्यांच्यापुढे. अठरा वर्षं. आई चिडायची, लोक काय म्हणतील. ते म्हणायचे, लोकांना काय कळतंय, अपराध माझा आहे.”

नावं त्याच्याकडे होती. माझ्याकडे एकही नव्हतं.

ती संध्याकाळ मला आठवत नाही असं मी म्हणू शकलो असतो. सत्याहत्तर वर्षांचं वय म्हणजे विसरायचा परवानाच. पण ती मला पूर्ण आठवते, टेकडीपेक्षाही जास्त. मी झोपलो नव्हतो. बांबूच्या पडद्यामागे वेताच्या खुर्चीत बसलो होतो, दिवा न लावता. हिसानो सव्वासहाला आत आली आणि म्हणाली, “ओगिसो बाहेर बसले आहेत. कागद घेऊन आलेत.” मी मान डोलावली नाही की हलवली नाही. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने त्याला चहा नेऊन दिला. तो खोकला. एकदा, मग जरा वेळाने पुन्हा. आमच्यात एक पडदा होता, हात लांब केला असता तर बाजूला झाला असता. उंबऱ्यावर जायचं आणि म्हणायचं, थांबव. तीन अक्षरं. मला माहीत होतं की तो शब्द एकदा बोललो की तो माझा होईल, मंत्री विचारतील, अकरा शिक्केवाले तोंड फिरवतील, आणि पुन्हा एकदा माझा आवाज माझ्यासमोर येऊन पडेल. शिक्का उलटा मारून मी दोन्हीकडून सुटलो होतो. वाचले तर माझ्यामुळे, मेले तर ओगिसोमुळे. आणि हा मूर्ख माणूस माझ्या व्हरांड्यात बसून मला त्यातून बाहेर बोलवत होता. आज कळतं, मी त्याच्यावर तेव्हा संतापलो होतो. आठला पाच कमी असताना वेताचं बाकडं करकरलं आणि पायऱ्यांवर पावलं वाजली. हिसानो पुन्हा आत आली नाही. त्या रात्री नाही आणि पुढे कधीही तिने हा विषय काढला नाही.

“साहेब,” सुमिए म्हणाली, “मला फक्त हेच विचारायचंय. निरोप तुमच्यापर्यंत पोचला होता का?”

मी हिसानोकडे पाहिलं. ती निखाऱ्यांकडे बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर तिने मान वर केली नसती. मुलीला वाटलं असतं, निरोप बाईसाहेबांनीच दिला नाही, आणि हिसानोने तेही स्वतःवर घेतलं असतं, चहा ओतून दिला असता आणि लोणच्याबद्दल आभार मानले असते. आयुष्यभर माझ्याभोवती अशीच माणसं होती. माझ्या गप्प बसण्याची किंमत जी ती आपल्या खिशातून भरत गेली आणि मी त्यांना ठोंबे म्हणत राहिलो. लाज वाटली. इतकी की कान तापले. एवढ्या वयात माणसाचे कान तापू शकतात हे मला माहीत नव्हतं.

“पोचला होता,” मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, आम्हा तिघांपुरताच. “हिसानोने लगेच सांगितलं होतं. मी जागा होतो. तुझे वडील खोकले तेही ऐकलं. दोन्ही वेळा.”

हिसानोच्या हातातला चिमटा शेगडीच्या काठावर वाजला. सुमिएच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहिली, राग आला असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं. ती हिशेब न लागणाऱ्या पोराकडे शिक्षिका बघते तशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे बाबांनी हाक मारली असती तरी...”

“तरी मी आलो नसतो.”

“हे तुम्ही त्यांना लिहिलं असतं,” ती म्हणाली. “एका ओळीत. नवीन वर्षाच्या पत्रात एवढी जागा असते.” तिचा तो खणखणीत आवाज मध्येच बसला. “ते शेवटी शेवटी झोपेतसुद्धा दार ठोठावायचे, साहेब. हाताने. पलंगाच्या फळीवर.”

हिसानो रडत होती. मला वाटतं, मीही. क्षमा माग असं मन सांगत होतं, पण क्षमा कुणाची मागायची ते कळेना, ज्यांची मागायची ते सगळे गेले होते, आणि या मुलीकडून ती उकळणं म्हणजे पुन्हा आपलंच ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देणं. मी चटईवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ खाली लावलं. एवढं खाली मी सम्राटांपुढे वाकलो होतो, त्यानंतर आजच. सुमिए म्हणाली, “उठा, साहेब. तसं नको.” मी उठलो नाही. बाहेर रस्त्यावर टोफूवाल्याचा भोंगा वाजला आणि लांब गेला.

“एक विचारू?” तिचा आवाज माझ्या डोक्यावरून आला. शांत होता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. “दोन तास बाबा बाहेर बसले होते. तेवढा वेळ तुम्ही आत काय करत होतात?”

मी मान वर केली. “तो उठून कधी जातो याची वाट बघत होतो.”

तिने ऐकून घेतलं. मग रिकामं फडकं घडी करून बाहीत ठेवलं, हिसानोला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “बाईसाहेब, त्या दिवशीच्या चहाबद्दल बाबांनी आभार मानायला सांगितले होते.” हिसानो तिला सोडायला दारापर्यंत गेली. मी तिथेच बसून राहिलो, आणि हिसानो बराच वेळ आत आली नाही.